करड्याचा बहिष्कार आणि झारची बँक



पाबळच्या बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने रशियाचा विषय काढला. झारने शेतकऱ्यांना गुलामीतून सोडवले, त्यांच्यासाठी बँक काढली, शेवटी कायदेमंडळही दिले, आणि तरी १९१७ साली त्याची गादी गेली. हे कसे, असा त्याचा प्रश्न. आम्ही उत्तराला सुरुवात करणार तोच मागच्या रांगेतले एक वयस्क शेतकरी म्हणाले, "रशियाचं ऱ्हाऊ द्या साहेब. आपल्या करड्याचं काय झालं ते आधी सांगा." सभा हसली, आम्हीही हसलो. पण परत येताना एस.टी.त आमच्या ध्यानात आले की त्या दोघांनी एकच प्रश्न विचारला होता. सरकार सुधारणा करते, कायदा करते, आयोग नेमते, आणि शेतकरी होता तिथेच राहतो, हे का होते? त्या दिवशी वेळ नव्हता. म्हणून हा लेख.

करडे आपल्या शिरूर तालुक्यातले. धामारीही शिरूरचीच, पाबळपासून हाकेच्या अंतरावर. सुपे त्या वेळी भीमथडी तालुक्यात होते, आज बारामतीत आहे. भीमथडीचा बराच भाग आज दौंड म्हणून ओळखला जातो. पाबळचे नावही जुन्या जमाबंदीच्या कागदांत स्वतंत्र विभाग म्हणून येते. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी साऱ्या हिंदुस्थान सरकारची झोप उडवणारी गोष्ट या पट्ट्यात घडली. आपल्या पोरांना शाळेत ती चार ओळींत शिकवतात : सावकारांनी पिळले, शेतकऱ्यांनी वह्या जाळल्या, सरकारने कायदा केला. म्हणजे सावकार वाईट, शेतकरी अडाणी आणि सरकार दयाळू! भावांनो, या चार ओळींत एक चोर लपवलेला आहे. त्याला बाहेर काढू.

इंग्रजी राज्य आल्यावर इथला सारा आधी मन मानेल तसा चढवला गेला. गावे ओस पडू लागली तेव्हा १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी नवी जमाबंदी केली. तिची मुदत तीस वर्षांची. आम्ही शेतकीची पदवी घेतलेली माणसे. त्या वर्गवारीचे आम्हाला आजही कौतुक वाटते. मातीची खोली किती, रंग कोणता, खाली मुरूम आहे की चुनखडी, उतार कसा, पाणी साठते की वाहून जाते, एवढे पाहून प्रत्येक नंबराची प्रत लावली. पण जमिनीची प्रत लावली तरी पावसाची प्रत कोण लावणार? त्याच काळ्या रानात एका साली ज्वारी डोक्याएवढी, दुसऱ्या साली कडबासुद्धा नाही. सारा मात्र दोन्ही साली सारखा, आणि तोही रोख. जुन्या राज्यातले वसुलीचे मामलेदार काही संत नव्हते, पण पीक बुडाले तर सूट-तहकुबीची बोलणी तरी करता येत होती. नव्या राज्यात हप्त्याची तारीख पावसाला विचारून ठरत नव्हती. तारखेला रोकडा हवा आणि रोकडा फक्त सावकाराकडे.

आता पुढची गंमत पाहा. कापूसवाल्या भावांनी हे नीट ऐकावे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद पडला आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईच्या कापसावर तुटून पडल्या. भाव आकाशाला गेले. पुण्याहून सोलापूरकडे आगगाडीचे काम झाले होते; बैलगाडीला भाडे होते, मजुरीला दर होता, ज्वारी-बाजरीलाही किंमत होती. चार वर्षे कुणब्याच्या घरात पैसा दिसला. सावकारही हात सैल सोडून कर्ज देऊ लागला. आणि नेमकी तेव्हाच इंदापूरची तीस वर्षांची मुदत संपली! सरकारने तेजीचे भाव पाहिले आणि १८६७च्या सुमारास सारा सरासरी दीडपट केला. मग तीच कुऱ्हाड एकेक तालुका करत भीमथडी, पाबळ, हवेलीवर आली. तोवर युद्ध संपून वर्षे लोटली होती, अमेरिकेचा कापूस परत बाजारात आला होता, भाव कोसळले होते. भाव तेजीचा धरून ठरवलेली देणी मंदीच्या भावात फेडा, असा हा हिशेब.

त्यात कोर्ट. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू काय तर म्हणे कर्जदाराचे रक्षण! झाले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला, आणि मागचे व्याज नव्या रोख्यात मुद्दल होऊन बसू लागले. ज्याला अक्षर येत नाही त्याने अंगठा उठवायचा. पुढे समन्स कधी पोचायचे, कधी नाही. पुण्याच्या किंवा तालुक्याच्या कोर्टात एकतर्फी हुकुमनामा व्हायचा, घरदार जप्त, वर तुरुंगाची भीती. जुन्या काळी सावकाराला वसुलीसाठी गावाची मर्जी सांभाळावी लागे. आता त्याच्या मागे सरकारचा बेलीफ उभा राहिला. म्हणजे सारा वसूल करायला सरकारला सावकार लागत होता आणि कर्ज वसूल करायला सावकाराला सरकार. जू एक, बैल दोन. मार मात्र मानेवर तिसऱ्याच्या.

१८७४च्या अखेरीस करड्यात ठिणगी पडली. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या घरंदाज पण कर्जात बुडालेल्या माणसावर दीडशे रुपयांचा हुकुमनामा मिळवला, त्याची घर-जमीन घेतली आणि वाडा पाडायला काढला. गावाला ते सहन झाले नाही. पण गावाने पहिल्या दिवशी दगड उचलला नाही हे लक्षात घ्या. गावाने बहिष्कार घातला. सावकाराचे शेत कोणी करायचे नाही, न्हाव्याने दाढी करायची नाही, पाणक्याने पाणी भरायचे नाही. इंदापूर तालुक्यातील कळस गावच्या लोकांनी तर असा ठराव कागदावर लिहून काढला. सत्याग्रह, असहकार हे शब्द जन्मायच्या आधीची ही गोष्ट आहे, आणि ती कोणा पुढाऱ्याने शिकवलेली नव्हती.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारी बांध फुटला. मग भीमथडी, शिरूर, इंदापूर, पलीकडे नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, कर्जत. सगळीकडे मागणी एकच : रोखे द्या, हुकुमनामे द्या. कागद हातात आले की होळी, आणि लोक घरी. जिथे कागद दिले तिथे बहुधा अंगाला हात लागला नाही. सावकार बहुतेक मारवाडी-गुजर होते म्हणून याला जातीचा दंगा ठरवायचा प्रयत्न तेव्हाही झाला. आम्हाला ते मान्य नाही. शेतकऱ्याने माणूस जाळला नाही, कागद जाळला; आपल्याला कुठे बांधले आहे हे त्याला पक्के ठाऊक होते. लष्कर आले, साडेनऊशेच्या घरात माणसे पकडली, पाचशेच्या आसपास लोकांना शिक्षा झाल्या.

मग आयोग. सरकार अडचणीत आले की आयोग नेमते, ही रीत आजची नाही. दख्खन दंगे आयोगाने गावोगाव फिरून भरपूर माहिती गोळा केली. आजही तो अहवाल वाचण्यासारखा आहे. सदस्यांपैकी ऑक्लंड कॉल्विन यांनी वेगळे टिपण लिहून वाढवलेल्या साऱ्याकडे बोट दाखवले. पण अहवालाचा मुख्य सूर काय? दोष सावकाराचा, कोर्टाचा, शेतकऱ्याच्या अज्ञानाचा; साऱ्याचा फारसा नाही. चोर तो हाच. आणि खरी मौज अशी की, दंगे व्हायच्या आधीच, ऑक्टोबर १८७४ मध्ये, मुंबई सरकारने साऱ्याच्या वाढीला मर्यादा घालणारा हुकूम काढला होता : तालुक्यावर शेकडा ३३, एका गावावर ६६, एका खातेदारावर १०० पेक्षा जास्त वाढ नको. सारा इतका निर्दोष होता तर हा लगाम कशाला? आणि मर्यादासुद्धा कशी, एका खातेदाराचा सारा दुप्पट केला तरी तो मर्यादेतच!

पुण्यात या वेळी विरोधी पक्ष नव्हता असे नाही. १८७० साली सार्वजनिक सभा निघाली होती. सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी, न्यायमूर्ती रानडे ही तिची मंडळी. दंग्यांच्या आधी सभेने गावोगावची माहिती जमवून नव्या जमाबंदीविरुद्ध अहवाल काढला होता. काम मोलाचे होते. पण ते अर्जाचे काम होते. दुसरीकडे १८७३ साली जोतिराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला. शेतकऱ्याला लुटणाऱ्यांच्या यादीत त्यांनी सावकार घातला, भट कारकून घातला आणि गोरा अधिकारीही घातला. कुणालाच सोडले नाही. 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी १८८३ पर्यंत लिहून पुरा केला, पण त्यांच्या हयातीत तो सगळा छापूनही निघाला नाही. तिसरीकडे वासुदेव बळवंत फडके. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरी करणारा हा माणूस १८७६-७७च्या दुष्काळाने पेटून उठला आणि रामोशी गडी जमवून त्याने फेब्रुवारी १८७९ मध्ये पहिला दरोडा घातला तो आपल्या धामारीला. जुलैत तो पकडला गेला आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात मेला.

सुधारणा मागणारे तीन, आणि तिघांचे तोंड तीन दिशांना. सभेचा अर्ज करड्याच्या बहिष्कारापर्यंत पोचला नाही. करड्याचा बहिष्कार सभेच्या ठरावात आला नाही. फुल्यांना सभेवर भरवसा नव्हता, आणि खरे सांगायचे तर तो वाटावा असे सभेनेही फार काही केले नव्हते. फडके तर एकटेच. सरकारला आणखी काय हवे?

१८७९च्याच अखेरीस दख्खन शेतकरी कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. कायदा वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. कोर्टाने रोख्याच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती ते तपासावे, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, गहाण नसलेली जमीन साध्या कर्जासाठी जप्त करू नये, रोखे गावच्या निबंधकापुढे नोंदवावेत, सावकाराने पावती द्यावी, तंटा आधी सलोख्याने मिटवून पाहावा. त्या काळी एवढे म्हणजे पुष्कळच. अंमलबजावणीच्या देखरेखीवर खुद्द रानड्यांना नेमले होते, म्हणजे माणूसही चांगला.

मग बिघडले कुठे? कायदा सावकाराच्या वहीपर्यंत गेला आणि सरकारच्या वसुलीपाशी येऊन थांबला. सारा तोच, तारीख तीच, रोख तशीच. म्हणजे कर्जाची गरज तशीच राहिली आणि कर्ज देणाऱ्याचा हात तेवढा आखडला. सावकाराने काय करावे? त्याने गहाणखत सोडून खरेदीखत धरले. कागदावर जमीन विकली, तोंडी वचन असे की पैसे फेडलेस की परत लिहून देईन. कोर्ट कर्जाचा इतिहास तपासणार, पण हे कर्जच नाही, ही तर विक्री! तपासणार काय? या पळवाटेला बूच लावायला कायद्यात पुढे दुरुस्ती करावी लागली. तोवर किती रान गेले असेल याचा अंदाज ज्याने त्याने आपल्या जुन्या फेरफारांवरून करावा. दुसरे असे की बाहेरचा सावकार मागे सरला त्या जागी गावातलाच बडा बागाईतदार येऊन बसला. आडनाव आपले, सोयरीक आपली, व्याज तेच.

ही पोकळी काही लोकांना दिसत होती. इथे न्यायाधीश असलेले विल्यम वेडरबर्न यांनी शेतकी बँकेची योजना मांडली. जुनी कर्जे तडजोडीने एकदम मिटवायची, त्यासाठी सरकारने पैसा पुढे करायचा, पुढे बँकेने कमी व्याजाने कर्ज द्यायचे. प्रयोगासाठी आपल्याच जिल्ह्यातला पुरंदर तालुका धरला होता. पुण्याचे पैसेवाले तयार झाले, रिपनसाहेबांच्या कारकिर्दीत हिंदुस्थान सरकार अनुकूल झाले. १८८४ साली कागद लंडनला गेला आणि तिथल्या भारतमंत्र्यांच्या कचेरीने तो मोडीत काढला. एक तालुका, एक प्रयोग. तेवढाही नाही. सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला १९०४ साल उजाडले.

आता त्या तरुणाच्या रशियाकडे वळू. वळायचे कारण आमचे नाही, रानड्यांचे आहे. ज्या वर्षांत हे सगळे चालले होते त्याच वर्षांत, १८८३च्या सुमाराला, रानड्यांनी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात रशियातील भूदासांच्या मुक्तीवर लेख लिहिला. पुण्यात बसून त्यांना रशियाची आठवण का व्हावी? कारण तिकडेही एक मोठे साम्राज्य, कोरडे हवामान, कर्जबाजारी कुणबी आणि वरून सुधारणा.

रशियात १८६१ साली झार दुसरा अलेक्झांडर याने शेतकऱ्याला जमीनदाराच्या दास्यातून मोकळे केले. पण जमीन फुकट नाही दिली. तिची किंमत सरकारने जमीनदाराला चुकती केली आणि शेतकऱ्याने ती सरकारला ४९ वर्षे हप्त्याने फेडायची. जमीन एकेकाच्या नावे नव्हे, गावाच्या सामाईक मालकीची, आणि हप्त्याला सारे गाव जबाबदार. म्हणून गावाच्या परवानगीशिवाय कुणाला बाहेरही पडता येईना. जमीनदार गेला आणि सरकारच सावकार झाले! १८६४ साली जिल्हा मंडळे दिली, पण त्यांत वर्चस्व सरदारांचे आणि कामे शाळा, दवाखाने, रस्ते. १८७४च्या उन्हाळ्यात, म्हणजे करड्याच्या बहिष्काराच्या त्याच वर्षी, शेकडो विद्यार्थी शहरे सोडून खेड्यांत गेले, शेतकऱ्याला जागे करू म्हणून. शेतकऱ्याला त्यांची भाषा कळेना. कित्येकांना पोलिसांनी पकडले, काहींना तर खेडुतांनीच पकडून दिले. मग त्यांतले काही बॉम्बकडे वळले. मार्च १८८१ मध्ये झारचा खून झाला. त्याच सकाळी त्याने निवडून आलेल्या प्रतिनिधींचा सल्ला घेण्याच्या एका योजनेला संमती दिली होती. मुलाने गादीवर येताच ती गुंडाळून ठेवली.

तरी त्या झारशाहीने १८८३ साली शेतकऱ्यांची जमीन बँक सुरू केली. तारखा शेजारी शेजारी ठेवा : १८८३ला झारची बँक उघडली, १८८४ला पुरंदरची बँक लंडनने बुडवली. ज्या झारला इंग्रज जुलमी म्हणून हिणवत होते त्याने जेवढे केले तेवढेही मायबाप इंग्रज सरकारला जमले नाही. अर्थात झारच्या बँकेनेही फार दिवे लावले नाहीत. ती जमीनदाराची जमीन विकत घ्यायला कर्ज देई, व्याजही जड; ज्याच्या घरात मुळात दाणा नाही त्याने तिच्या दारात जायचे कशाला? १८९१-९२ साली तिकडे दुष्काळ पडला, इकडे १८९६-९७ साली. १९०२ साली तिकडे शेतीच्या गरजा शोधायला जिल्ह्याजिल्ह्यांत समित्या बसवल्या, मोकळेपणाने बोला म्हणून सांगितले, आणि जे फारच मोकळे बोलले त्यांतल्या काहींना शिक्षा केली.

१९०५ साली वाडे पेटले तेव्हा कुठे त्या ४९ वर्षांच्या हप्त्यांची आठवण झाली; १९०७ पासून ते माफ केले. ४४ वर्षे अर्ज करून जे झाले नाही ते वाडे जळाल्यावर दोन वर्षांत झाले. १९०६ साली ड्यूमा, म्हणजे कायदेमंडळ भरले. शेतकऱ्यांनी निवडून दिलेले लोक तिथे जमिनीचा प्रश्न घेऊन बसले, आणि ७२ दिवसांत ते बरखास्त झाले. पुढे पंतप्रधान स्तोलिपिनने शेतकऱ्याला सामाईक गावकीतून आपला वाटा घेऊन बाहेर पडायची मोकळीक दिली. आमच्या मते शेतकऱ्याला मालक करणारी झारशाहीतली ती खरी सुधारणा. पण ती आली कशी? ड्यूमा बसलेली नसताना, ९ नोव्हेंबर १९०६ला, वटहुकुमाने. पुढच्या वर्षी मतदानाचा कायदाच बदलून शेतकऱ्यांचे प्रतिनिधी कमी केले. फाशा आणि सुधारणा एकाच हाताने चालल्या होत्या. स्तोलिपिनला वीस वर्षांची शांतता हवी होती. १९११ साली कीवच्या नाटकगृहात त्याला गोळी घातली, १९१४ला युद्ध आले, उरलेले तुम्हाला ठाऊक आहे.

आपल्याकडे ड्यूमा नव्हती, मुंबईचे कायदे कौन्सिल होते. १८९६-९७च्या दुष्काळात टिळकांच्या हाती आलेल्या सार्वजनिक सभेने माणसे खेड्यांत पाठवली आणि सरकारच्याच दुष्काळ संहितेतले हक्क शेतकऱ्यांना समजावून सांगितले : पीक बुडाले तर सूट मागा. अर्ज सोडून सभा प्रथमच शिवारात उतरली. सरकारने काय केले? १८९७ साली सभेची मान्यताच काढून घेतली! आणि त्याच्या आधीच रानडे-गोखले बाहेर पडून त्यांनी वेगळी डेक्कन सभा काढलेली. शेतकरी उपाशी आणि पुण्यात दोन सभा.

१९०१ साली जमीन महसूल कायद्याची दुरुस्ती आली. साऱ्यापायी सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना शेतकऱ्याला विकायचा हक्क द्यायचा नाही, असा डाव. नाव मात्र सावकारापासून संरक्षण! फेरोजशहा मेहता, गोखले आणि काही सभासद उठून बाहेर गेले. सरकारी बहुमत होतेच. बिल पास झाले. सरकार म्हणाले, हे सावकारांचे वकील. आम्ही म्हणतो, शेतकऱ्याची जमीन सावकाराकडे जाऊ नये ही काळजी खरी असती तर सारा कमी केला असता. ते करायचे नाही आणि शेतकऱ्याच्या हातातला मालकीचा हक्क तेवढा काढायचा, हे संरक्षण कोणाचे?

भावांनो, हे पुराण आम्ही लावले ते करमणुकीसाठी नाही.

२००८ साली केंद्राची कर्जमाफी आली. पूर्ण माफी कोणाला? दोन हेक्टरपर्यंत. त्याच्या वर असेल त्याने आधी पंचाहत्तर टक्के भरा, मग पंचवीस टक्के सोडू. पाच एकर उसाचा आणि सहा एकर मुरमाड कोरडवाहू ज्वारीचा माणूस एका मोजपट्टीने मोजला. विंगेटसाहेबाने निदान मातीची प्रत तरी पाहिली होती! २०१७ साली शेतकऱ्यांच्या संपानंतर राज्याची माफी, दीड लाखाची मर्यादा. २०१९ अखेरीस पुन्हा माफी, दोन लाखांपर्यंत, आणि नाव दिले महात्मा फुल्यांचे. २०२५च्या ऑक्टोबरात नागपूरच्या आंदोलनानंतर सरकारने समितीची गोष्ट केली आणि ३० जून २०२६ ही तारीख दिली. माफी घेऊ नये असे आम्ही कधीही म्हणणार नाही. बुडणाऱ्याने दोरी धरावी. पण पुन्हा पुन्हा माफी लागते याचा अर्थ काय? कर्ज ज्या विहिरीतून येते ती कुणी बुजवत नाही.

ती विहीर कुठली ते कापूसवाल्यांनी २०२२ साली पाहिले. भाव क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला, आणि १४ एप्रिलला आयातीवरचे अकरा टक्के शुल्क उठले. २०२५ साली ऑगस्टमध्ये, आपली वेचणी तोंडावर असताना, ते पुन्हा वर्षअखेरपर्यंत उठवले. तेव्हा लँकेशायरच्या गिरण्या होत्या, आता इथल्या आहेत. त्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७७१० रुपये आणि मालदांडी ज्वारीचा ३७४९ रुपये होता. हमीभाव कागदावर आणि खरेदी केंद्रापुढे रांग, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. भाव चढू लागला की हात घालायचा, पडला की बाजाराकडे बोट दाखवायचे, मग कर्ज थकले की माफी देऊन दाता व्हायचे. साऱ्याची जागा या व्यवहाराने घेतली आहे. १८७५चा आयोग साऱ्यापाशी येऊन अडखळला तसे आजच्या समित्या इथे येऊन अडखळतात.

आणि सुधारणेची तऱ्हा? शेतमालाचा व्यापार मोकळा करा ही जुनी मागणी. जून २०२० मध्ये ती आली, पण वटहुकुमाने, टाळेबंदीत, कुणाला न विचारता. स्तोलिपिनचीच चाल. दीड वर्षाने, नोव्हेंबर २०२१ मध्ये, ती तशीच वरूनच गेली. त्यातले काय चांगले, काय वाईट, यावर शिवारात धड चर्चासुद्धा झाली नाही. काहींनी आंधळे समर्थन केले, काहींनी आंधळा विरोध. आमच्यातही दोन तट पडले होते, हे कबूल करतो. आजही एका तालुक्यात शेतकऱ्यांच्या चार संघटना आणि पाच लेटरपॅड आहेत. सभा, समाज आणि फडके यांच्या तीन दिशांवर आम्ही टीका केली, ती लिहिताना आमचाही हात जरा अडखळला.

खरेदीखताची चाल मात्र अजून जिवंत आहे. कर्ज घ्यायचे आणि कागद विक्रीचा करायचा, हे या भागात ऐकायला मिळते, लग्न आणि दवाखाना यांच्या पायी विशेष. महाराष्ट्राच्या २०१४च्या सावकारी नियमन कायद्यात यावर उपाय आहे. सावकारीच्या व्यवहारातून गेलेली जमीन, अर्जाच्या तारखेच्या आधी पंधरा वर्षांच्या आतली असेल, तर जिल्हा उपनिबंधक चौकशी करून ती परत देण्याचा हुकूम करू शकतात. १८७९च्या कायद्यात जे नव्हते ते इथे आहे. पण अर्ज करावा लागतो, आणि पंधरा वर्षे सरकत असतात.

म्हणून जिल्हा बैठकीला येताना दोन गोष्टी आणा. ज्यांची जमीन अशी गेली आहे त्यांनी खरेदीखताची नक्कल, सातबारा आणि फेरफार. पैसे दिल्या-घेतल्याची चिठ्ठी, वहीचे पान, साक्षीदार असेल तर तेही. वकील मित्र येणार आहेत, अर्ज जागीच लिहिले जातील. आणि बाकी सर्वांनी आपल्या गावच्या गेल्या पाच हंगामांचा हिशेब आणावा : कापूस किंवा ज्वारी कुठल्या महिन्यात, काय भावाने विकली आणि सोसायटीचा हप्ता कुठल्या तारखेला भरला. करड्याचा प्रश्न विचारणाऱ्या त्या वडीलधाऱ्यांनी आपला हिशेब द्यायचे कबूल केले आहे. त्यांच्याजवळ वही आहे.